सिनेमा अख्खा दाखवा : प्रसार भारती आणि एनएफडीसीला खुले पत्र

प्रति,
मुख्य कार्यकारी अधिकारी, प्रसार भारती, नवी दिल्ली
आणि
व्यवस्थापकीय संचालक, राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ (एनएफडीसी), मुंबई

विषय : जतन केलेले भारतीय व जागतिक चित्रपट दाखवणारी स्वतंत्र वाहिनी डीडी फ्री डिशवर सुरू करण्याबाबत

महोदय,

स.न.वि.वि.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते आणि माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. गेली १९ वर्षं आम्ही काही जण मिळून गावात फिल्म क्लब चालवतो. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळेच्या हॉलच्या खिडक्यांना सोलापुरी चादरी लावायच्या, उसना आणलेला प्रोजेक्टर बाकावर ठेवायचा आणि गावात एरवी कधीच आला नसता असा एखादा चित्रपट लावायचा, एवढंच आमचं काम. कधी ४० माणसं येतात, कधी ११. गावातल्या टॉकीजचं मंगल कार्यालय होऊन आता बरीच वर्षं झाली.

या सगळ्याची सुरुवात आपल्याच दूरदर्शनने केली, म्हणून हे पत्र आपल्याला लिहिते आहे.

१९८८ साली मी सातवीत होते. आमच्या आळीत टीव्ही होता तो इंग्रजीच्या सरांकडे, लाकडी शटरचा, ब्लॅक अँड व्हाइट. रविवारी सकाळी सगळी आळी तिथे जमायची आणि जेवायच्या वेळेला पांगायची. दुपारी मूकबधिरांसाठीच्या बातम्या लागायच्या आणि त्यानंतर प्रादेशिक चित्रपट. पुरस्कार मिळालेला, कधी मल्याळम, कधी बंगाली, कधी कन्नड, कधी आसामी. तेव्हा खोलीत उरायचो आम्ही तिघं-चौघं. खाली इंग्रजी सबटायटल यायची, पण सेटची चौकट अशी होती की दुसरी ओळ अर्धी कापली जायची. सर स्टूल ओढून अगदी टीव्हीजवळ बसायचे आणि ओळ दिसली की मराठीत सांगायचे. कुठे ओळ कापली गेली तर आपल्या अंदाजाने वाक्य पुरं करायचे. मध्येच ते गप्प झाले तर आम्ही वळून पाहायचो. सर चष्मा पुसत असायचे.

केरळातलं खाडीचं पाणी, बंगालमधली पावसाळी घरं, आसामातली नदी मी अशी पाहिली. पुस्तकातला भूगोल नंतर आला. त्या चित्रपटांची नावंसुद्धा मला तेव्हा ठाऊक नव्हती. कुणीतरी दिल्लीत बसून ते निवडत होतं आणि आमच्या आळीत पाठवत होतं. ते माणूस कोण, हे मला आजही माहीत नाही. पण मी त्या माणसाची ऋणी आहे.

पुढे फार वर्षांनी एका मित्राने मला एक माहितीपट पाहायला दिला. झॅन कासावेटिस या दिग्दर्शिकेने २००४ साली केलेला. लॉस एंजेलिसमध्ये एके काळी असलेल्या झेड चॅनेल नावाच्या केबल वाहिनीची ती गोष्ट आहे. ती पाहिल्यापासून माझ्या मनातली मागणी पक्की झाली. आपण दोघांनीही ती गोष्ट नीट ऐकावी अशी माझी इच्छा आहे, म्हणून जरा विस्ताराने सांगते.

अमेरिकेत केबल मुळात आली ती डोंगराआडच्या गावांसाठी. जिथे अँटेनाला चित्र येत नसे तिथे उंचावर एक मोठा अँटेना उभारायचा आणि तारेने घरोघरी चित्र पोहोचवायचं. आमच्यासारख्या डोंगराआडच्या माणसांना हे सहज समजावं. त्या तारांवरून मग पैसे घेऊन चित्रपट दाखवायची कल्पना निघाली. एचबीओ ही वर्गणीची वाहिनी १९७२ साली पेनसिल्व्हेनियात सुरू झाली. त्यानंतर दोनच वर्षांत, १९७४ साली, लॉस एंजेलिसच्या थीटा केबल कंपनीने झेड चॅनेल सुरू केलं. एचबीओ पुढे उपग्रहावर चढून देशभर गेलं. झेड चॅनेल मात्र आपलं गाव सोडून कधी कुठे गेलं नाही. त्याचे वर्गणीदार १ लाखाच्या आसपासच राहिले. महाराष्ट्रातल्या एखाद्या मध्यम शहरात याहून जास्त घरं असतील.

१९८०च्या सुमारास या वाहिनीचे चित्रपट निवडायचं काम जेरी हार्वी नावाच्या माणसाकडे आलं. त्यांनी आधी चित्रपटगृहासाठी कार्यक्रम आखले होते, एका वेस्टर्न चित्रपटाची पटकथा लिहायला हातभार लावला होता. त्यांचं वेड एकच, चित्रपट. हॉलिवूडचे गाजलेले चित्रपट त्यांनी बंद केले नाहीत. पण त्यांच्या शेजारी फ्रेंच, इटालियन, जर्मन चित्रपट आणून बसवले. कुणी न पाहिलेले, आठवड्यात थिएटरमधून उतरलेले, डब्यात पडून राहिलेले चित्रपट शोधून काढले. एकाच दिग्दर्शकाचं काम ओळीने दाखवलं. आणि एक चित्रपट महिन्यात पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या वेळी लावला. रात्री उशिरा चुकला तर एखाद्या दुपारी सापडावा म्हणून.

यातलं सगळ्यांत मोठं काम मला वाटतं ते त्यांनी चित्रपट अख्खे दाखवण्याचं केलं. मायकेल चिमिनो यांचा 'हेवन्स गेट' हा चित्रपट नोव्हेंबर १९८० मध्ये न्यूयॉर्कला लागला तो ३ तास ३९ मिनिटांचा. समीक्षक असे तुटून पडले की आठवड्याभरात तो काढून घेतला गेला. खर्च ठरल्याच्या कितीतरी पट झालेला. पुढच्या एप्रिलमध्ये तो कापून अडीच तासांचा करून पुन्हा लावला, तरी चालला नाही. युनायटेड आर्टिस्ट्ससारखी जुनी कंपनी त्या नुकसानीनंतर विकली गेली. हॉलिवूडमध्ये या चित्रपटाचं नाव काढायची सोय राहिली नाही. अशा वेळी, २४ डिसेंबर १९८२ला, नाताळच्या आदल्या रात्री, झेड चॅनेलने तो पूर्ण लांबीचा दाखवला. कोणतीही कात्री न लावता. 'डायरेक्टर्स कट', म्हणजे दिग्दर्शकाला हवं तसं चित्रपटाचं रूप, हा शब्द आज आपण सहज वापरतो; तो लोकांच्या तोंडी रुळला तो या प्रसारणापासून, असं मानलं जातं. २०१२ साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाची पुनर्संचयित, म्हणजे दुरुस्त करून नवी केलेली, प्रत दाखवली गेली आणि त्याच्याकडे नव्याने पाहिलं गेलं. त्या पाहण्याची वाट एका छोट्या केबल वाहिनीने ३० वर्षं आधी मोकळी करून ठेवली होती.

सर्जिओ लिओने यांच्या 'वन्स अपॉन अ टाइम इन अमेरिका'चंही तसंच. युरोपात तो ३ तास ४९ मिनिटांचा. अमेरिकेत वितरकांनी त्याचा दीड तास कापला. एवढंच करून थांबले नाहीत, तर मागे-पुढे जाणाऱ्या गोष्टीचे प्रसंग सरळ काळाच्या ओळीत लावून टाकले. म्हातारपणी आठवत बसलेल्या माणसाची गोष्ट होती, तिच्यातली आठवणच काढून टाकली. झेड चॅनेलने मूळ रूप दाखवलं. बर्तोलुची यांचा पाच तासांहून मोठा '१९००' हा चित्रपटही पूर्ण दाखवला.

अख्खा म्हणजे नुसता वेळेने अख्खा नव्हे. सिनेमास्कोप चित्रपट रुंद असतो आणि जुना टीव्ही जवळपास चौकोनी. त्यामुळे तेव्हा सर्रास दोन्ही बाजू कापून मधला तुकडा दाखवत. बोलणारी दोन माणसं फ्रेमच्या दोन टोकांना उभी असतील तर कधी एक दिसे, कधी दुसरं, आणि मध्ये रिकामं टेबल. झेड चॅनेलने वर-खाली काळ्या पट्ट्या ठेवून पूर्ण फ्रेम दाखवण्याची सवय लावली. आमच्या क्लबात आजही दर वेळी कुणीतरी म्हणतं, "मॅडम, वर-खाली काळं का दिसतंय? झूम करा की." मग मी पडद्यापाशी जाते, दोन्ही हातांनी पडद्याच्या कडा झाकते आणि विचारते, आता दाराशी उभी असलेली आई दिसते का? नाही, म्हणतात. पुढच्या वेळी तेच लोक नव्या माणसाला समजावतात.

झेड चॅनेल दर महिन्याला वर्गणीदारांना एक मासिक पाठवत असे. कोणता चित्रपट कधी लागणार हे त्यात असेच. पण तो का पाहावा, दिग्दर्शकाने आधी काय केलं होतं, हेही असे. एफ. एक्स. फीनी यांच्यासारखे समीक्षक त्यात मनापासून लिहीत. चार्ल्स चॅम्प्लिन हे लॉस एंजेलिस टाइम्सचे समीक्षक वाहिनीवर चित्रपट करणाऱ्यांशी गप्पा मारत. प्रेक्षकाला तयार करून मग चित्रपटासमोर बसवायचं, अशी ही रीत. आपल्याकडे फिल्म सोसायट्यांनी हेच केलं. चित्रपट सुरू होण्याआधी हातात सायक्लोस्टाइल केलेला कागद यायचा, त्याची शाई बोटांना लागायची. झेड चॅनेलने ते काम १ लाख घरांसाठी केलं.

१ लाख प्रेक्षकांनी काय होतं, असं आपल्या कार्यालयातलं कुणी विचारेल, म्हणून हेही सांगते. ऑलिव्हर स्टोन यांचा 'साल्वाडोर' १९८६ साली आला आणि थिएटरांत फारसा कुणी न पाहताच गेला. झेड चॅनेलने तो लावला. ऑस्करसाठी मत देणारी बरीच माणसं त्याच भागात राहायची, त्यांच्या घरी हीच वाहिनी दिसायची. त्यांनी तो घरी बसून पाहिला आणि जेम्स वुड्स यांना सर्वोत्तम अभिनेत्याचं नामांकन मिळालं. या नामांकनाचं श्रेय झेड चॅनेलला दिलं जातं. टॅरंटिनो, जार्मुश, अलेक्झांडर पेन असे दिग्दर्शक त्या माहितीपटात या वाहिनीबद्दल बोलतात, ते ऐकताना मला आमचे सर आणि त्यांचं स्टूल आठवत होतं.

या गोष्टीत एक काळा भाग आहे, तो लपवून पुढे जाणं मला बरं वाटत नाही. एप्रिल १९८८ मध्ये जेरी हार्वी यांनी आपली पत्नी डेरी रुडुल्फ हिचा खून केला आणि स्वतःचाही जीव घेतला. ते दीर्घकाळ मानसिक आजाराशी झगडत होते. माहितीपट पाहून झाल्यावर आमच्या क्लबात यावर बराच वेळ बोलणं झालं. एक मुलगी म्हणाली, की त्यांच्या चित्रपटप्रेमाचं कौतुक ऐकताना त्या बाईचं नाव कुणी विसरू नये. ती बरोबर बोलली, म्हणून ते नाव इथे लिहिलं आहे. असं काम एकट्या माणसाच्या जिवावर उभं करू नये, हेही मला तेव्हाच वाटलं. त्याबद्दल पुढे लिहितेच.

वाहिनी त्यानंतर फार टिकली नाही. पण ती मेली ती प्रेक्षक नव्हते म्हणून नाही. मालक बदलत गेले. नव्या मालकांनी हिशेब मांडला की चित्रपटांच्या जोडीला खेळ दाखवले तर वर्गणीदार वाढतील. १९८८ साली त्यांनी डॉजर्स आणि एंजल्स या संघांचे बेसबॉलचे सामने आणले. सामन्यांबरोबर जाहिराती आल्या. चित्रपट कंपन्यांशी झालेले करार मात्र जाहिराती नसलेल्या वाहिनीचे होते, त्यामुळे कोर्टकज्जे सुरू झाले. शेवटी २९ जून १९८९ रोजी झेड चॅनेल बंद झालं आणि त्या जागी क्रीडावाहिनी आली. शेवटचा चित्रपट लागला जॉन फोर्ड यांचा 'माय डार्लिंग क्लेमेंटाइन'. आणि ज्या खेळांसाठी हे सगळं केलं, ती क्रीडावाहिनीही काही वर्षांतच बंद पडली.

आता आपल्याबद्दल.

पुण्यात लॉ कॉलेज रोडवर १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. पी. के. नायर यांनी तिथे आयुष्य घातलं. देशभर हिंडून, रद्दीच्या भावाने जाणारे डबे उचलून आणून त्यांनी तो संग्रह उभा केला. ते अंधारात बसून छोट्या टॉर्चच्या उजेडात टिपणं काढत आणि त्यांना कोणत्या रिळात कोणता प्रसंग आहे ते पाठ असे. मार्च २०२२ मध्ये हे संग्रहालय, फिल्म्स डिव्हिजन, बालचित्र समिती आणि चित्रपट महोत्सव संचालनालय असं सगळं एनएफडीसीच्या छत्राखाली आलं. त्याच वर्षी मे महिन्यात २,२०० चित्रपटांच्या पुनर्संचयनासाठी ३६३ कोटी रुपयांची घोषणा झाली. म्हणजे एनएफडीसीने स्वतः काढलेले ३००हून अधिक चित्रपट, फिल्म्स डिव्हिजनचे ८ हजारांहून अधिक माहितीपट आणि लघुपट, मुलांसाठी केलेले चित्रपट, हे सगळं आज एका घरात आहे. यातल्या पुष्कळ चित्रपटांचे हक्कही आपलेच आहेत. हार्वी यांना एकेका चित्रपटासाठी कंपन्यांच्या दारी जावं लागत होतं. आपल्या कपाटात आहे ते आधी बाहेर काढलं तरी कित्येक महिने पुरेल.

आणि प्रसार भारतीकडे फ्री डिश आहे. महिन्याची वर्गणी नाही, एकदा छत्री बसवली की झालं. आमच्या वाडीवस्त्यांवर, मेंढपाळांच्या घरांवर, ऊसतोडणीला जाणाऱ्यांच्या गावातल्या घरांवर मी ती छत्री पाहते. कोट्यवधी घरांपर्यंत जाणारी अशी वाट झेड चॅनेलला स्वप्नातही मिळाली नसती.

पुनर्संचयित केलेले चित्रपट आज आम्हाला कुठे दिसतात? गोव्याला इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, पुण्या-मुंबईच्या महोत्सवांत. मी दोनदा रजा काढून पणजीला गेले आहे. तिकीट, राहणं, खाणं धरून महिन्याच्या पगाराला चांगलाच चिमटा बसतो. माझ्या क्लबातले रिक्षा चालवणारे सभासद कसे जातील? आणि का जावं त्यांनी, त्यांच्याही कराच्या पैशाने तो चित्रपट नीट केला असेल तर?

आपण म्हणाल, नोव्हेंबर २०२४ मध्ये इफ्फीतच 'वेव्हज्' हे अॅप सुरू केलं आहे, त्यावर पाहा. ते अॅप माझ्या फोनमध्ये आहे आणि त्यावर जुन्या गोष्टी सापडल्या की मला आनंद होतो. पण अॅपवर मी तेच शोधते ज्याचं नाव मला ठाऊक आहे. १९८८ साली मला एकही नाव ठाऊक नव्हतं. सातवीतल्या मुलीने आसामी चित्रपट शोधला नसता. तो तिच्यासमोर आला, आणि रविवारच्या दुपारी दुसरं काही नव्हतं म्हणून तिने पाहिला, आणि तिचं आयुष्य थोडं वळलं. ओळीने मांडलेल्या हजार चौकोनी चित्रांतून हे होत नाही. त्यासाठी "आज रात्री ९ वाजता हा पाहा" असं कुणीतरी म्हणावं लागतं.

२००८ साली जागतिक चित्रपटांसाठी यूटीव्ही वर्ल्ड मूव्हीज आणि एनडीटीव्ही ल्युमिएर या खासगी वाहिन्या आपल्याकडे आल्या होत्या. आमच्या केबलवाल्याकडे त्यातली एक थोडे दिवस दिसली, तेव्हा आमच्या घरी रात्री जागणाऱ्यांची रांग लागायची. काही वर्षांत दोन्ही गेल्या. जाहिरातींवर जगणाऱ्या वाहिनीला हे ओझं पेलत नाही, हे मला समजतं. म्हणूनच हे काम सार्वजनिक प्रसारकाचं आहे.

हे चित्रपट खेड्यातल्या लोकांना कळतील का, हा प्रश्न मला शिक्षणखात्यातल्या माणसांनीही विचारला आहे. त्यांना मी हेग्गोडूचं नाव सांगते. कर्नाटकातलं सुपारीच्या बागांचं छोटं गाव. के. व्ही. सुब्बण्णा यांच्या नीनासम् या नाट्यसंस्थेने नायर आणि चित्रपट शिकवणारे प्राध्यापक सतीश बहादूर यांना तिथे बोलावलं, संग्रहालयातले चित्रपट मागवले आणि शेतकऱ्यांना जगभरातले अभिजात चित्रपट दाखवले. पुढे कित्येक वर्षांनी नायर यांच्यावर माहितीपट झाला, तेव्हा तिथली माणसं त्या चित्रपटांबद्दल काल पाहिल्यासारखं बोलत होती. आणि 'मंथन' तर गुजरातच्या ५ लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी २ रुपये देऊन काढलेला. २०२४ साली तो नवा होऊन कान महोत्सवात दाखवला गेला. शेतकरी चित्रपट काढू शकतो, तर पाहू शकणार नाही?

तेव्हा माझी मागणी अशी. फ्री डिशवर एक वाहिनी फक्त चित्रपटांसाठी, आणि त्यात फक्त असेच चित्रपट. लगेच जमत नसेल तर २००२ पासून चालू असलेल्या डीडी भारतीवर शुक्रवार, शनिवार, रविवारच्या रात्री द्या आणि रविवारची दुपार आम्हाला परत द्या. चित्रपट मूळ फ्रेममध्ये, पूर्ण लांबीचा, मध्ये जाहिरात नाही, खाली सरकत्या बातम्या नाहीत. प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र असलेले चित्रपट टीव्हीवर दाखवता येत नाहीत, म्हणून ते कापून पुन्हा प्रमाणपत्र घेण्याची रीत आहे, हे मला माहीत आहे. जो कापावा लागेल तो दाखवूच नका. न कापता दाखवता येतील असे इतके आहेत की एका पिढीला पुरतील.

चित्रपट निवडण्याचं काम समितीच्या बैठकीवर सोडू नका. एक संपादक नेमा, ३ वर्षांसाठी, आणि त्याचं किंवा तिचं नाव पडद्यावर येऊ द्या. आमच्या लहानपणी कोण निवडत होतं हे आम्हाला कळलं नाही. या वेळी कळू द्या. त्या संपादकाला साथ देणारी ४-५ माणसं वेगवेगळ्या भाषांतली असोत, म्हणजे सगळा भार एकाच जिवावर पडणार नाही आणि माणूस बदलला तरी काम थांबणार नाही. आणि लेखी ठरवून टाका की या वाहिनीवर क्रिकेट येणार नाही. हे वाचायला किरकोळ वाटेल. झेड चॅनेलच्या मालकांनाही बेसबॉलचे चार सामने किरकोळच वाटले असतील.

दर महिन्याला छापील पुस्तिका काढा, १६ पानांची का होईना, मराठीत, कन्नडमध्ये, तेलुगूत, बंगालीत. ती गावच्या वाचनालयात आणि शाळेत पाठवा. महाराष्ट्रात ग्रंथालयांचं जाळं आहे. आमच्या गावच्या वाचनालयात आजही सकाळी वर्तमानपत्रासाठी माणसं रांगेत उभी असतात. त्या टेबलावर ही पुस्तिका पडली तर कुणीतरी उचलणारच.

आणि सबटायटल. इंग्रजी असू द्या, पण भारतीय भाषांत हवीतच. सह्याद्रीवर एखादा मल्याळम चित्रपट मराठी सबटायटलसह लागला तर माझ्या सासूबाईही पाहतील. त्या चौथी शिकल्या आहेत, मराठी वाचतात, सावकाश वाचतात. ओळ पडद्यावर जरा जास्त वेळ ठेवायला हवी, हेही लिहून ठेवते.

खर्चाचं म्हणाल तर चित्रपट नीट करण्यासाठी पैसे मंजूर झालेले आहेत, उपग्रहावरची जागा आपली आहे, संग्रह आपला आहे. निवडणारं माणूस, पुस्तिका आणि भाषांतर, एवढं उरतं.

भाषांतराबद्दल एक सांगायचं राहिलं. आमचे सर २०११ साली गेले. त्यांच्या घरच्यांनी मला त्यांच्या दोन वह्या दिल्या. रविवारी चित्रपट पाहून झाला की रात्री बसून ते आठवतील तेवढे संवाद मराठीत लिहून ठेवत, वर तारीख आणि भाषा. चित्रपटाचं नाव कळलं नसेल तिथे जागा मोकळी सोडलेली. त्या वह्या पुढे ठेवून आम्ही क्लबात सबटायटल लिहायला शिकलो. आजवर १४ चित्रपटांची मराठी सबटायटल आम्ही सहा जणांनी मिळून लिहिली आहेत. त्यात एक कन्नड येणारा बसचालक आहे, एक बंगाली सून आहे, दोन शिक्षक आहेत. वाहिनी सुरू होणार असेल तर पहिल्या महिन्याच्या चित्रपटांची मराठी सबटायटल आम्ही लिहून देऊ. मानधन नको. चित्रपटाची प्रत आणि संवादांची यादी तीन आठवडे आधी मिळाली तर पुरे.

कळावे,

आपली,
सातारा जिल्ह्यातली एक प्रेक्षक